तिसरी ब मधला २३ नंबर : स्वमग्न मुलाला वर्गात कसं सांभाळावं?

पाटीपेन्सिल | ४ जुलै, रात्री १०:४०

बऱ्याच दिवसांनी धागा काढते आहे, आणि मदत मागायलाच काढते आहे.

मी लालबाग-परळ भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत तिसरीला शिकवते. नोकरीला १४ वर्षं झाली. वर्गात ४२ मुलं आहेत. यंदा जूनमध्ये एक मुलगा दुसऱ्या शाळेतून आला. ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, प्रमाणपत्र आहे. त्याला इथे सोन्या म्हणते. वाचतो छान, पाढे तोंडपाठ, अक्षर तर माझ्यापेक्षा वळणदार. बोलतो कमी. मुलांची नावं घेत नाही, हजेरीच्या नंबरने हाक मारतो. "अकरा, खोडरबर दे." मुलांनाही आता त्याची सवय झाली आहे. त्याचा स्वतःचा नंबर २३.

अडचण अशी की आठवड्यातून तीन-चारदा, बहुतेक सकाळीच, तो अचानक स्वतःचं मनगट चावतो. इतकं की वळ उठतात. मग ओरडतो, बाकाखाली शिरतो. मी जवळ गेले, समजावलं, हात धरला की आणखी चिघळतं. दोनदा शेजारच्या मुलीला चावला. मग ऑफिसमधून आईला फोन जातो. त्या माऊली शाळेसमोरच्या चाळीच्या जिन्यात दिवसभर बसलेल्या असतात, पिशवीत पाण्याची बाटली आणि त्याचा एक जादा शर्ट घेऊन. पाच मिनिटांत येतात, घेऊन जातात.

मुख्याध्यापिका म्हणतात, आपल्या शाळेला हे झेपणार नाही. मला तो वर्गात हवा आहे. पण काय करायचं ते कळत नाही. बी.एड.ला एक प्रकरण होतं, तेवढंच माझं ज्ञान. पावसाच्या दिवसांत त्रास जास्त होतो एवढंच लक्षात आलंय. पत्र्यावरच्या आवाजाने होत असेल का?

---

डबेवाली_आई | ४ जुलै, रात्री ११:१५

बाई, आधी तुम्हाला नमस्कार. "मला तो वर्गात हवा आहे" हे वाक्य मी तीन वेळा वाचलं. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, बोरिवलीला राहतो आम्ही. तीन शाळा बदलल्या. मीही अशीच जिन्यात बसायचे.

एक विचारते. त्याने चावलं की आई येते आणि घरी नेते, हे किती दिवस चाललंय? आमच्याकडे हेच झालं होतं. मुलगा शिकला की घरी जायचं तर चावायचं. तो लबाड नव्हता, त्याच्याकडे "मला आता इथे थांबवत नाही" हे सांगायला दुसरं काही नव्हतं. चावणं हेच वाक्य झालं होतं त्याचं.

---

गणिताचा_मास्तर | ५ जुलै, सकाळी ६:५०

बाई, तुमची तळमळ पोचली. पण स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी कुर्ल्याला शिकवतो, वर्गात ६१ मुलं, एकटा मी. एका मुलामागे अर्धा तास गेला की उरलेल्या साठांचं काय? अशा मुलांना विशेष शाळेत तज्ज्ञ माणसं मिळतात, तिथेच त्यांचं भलं होत नाही का? मला मदतीचा एक माणूस मिळाला तर मी उद्या चार मुलं घेईन. कुणी देत नाही. शिकवण्याखेरीज आमच्या मागे काय काय असतं ते इथल्या शिक्षकांना सांगायला नको.

---

सायंतारा | ५ जुलै, दुपारी ३:२०

मी विशेष शिक्षिका आहे, मुलुंड-ठाणे भागात १७ वर्षं काम करते. सरांच्या प्रश्नाकडे नंतर येते, आधी पाटीपेन्सिल ताईंना.

पहिली गोष्ट, दुखणं तपासा. दात, कान, पोट साफ न होणं, रात्रीची झोप. ज्या मुलाला "दुखतंय" सांगता येत नाही त्याचं वर्तन अचानक बिघडलं तर आधी डॉक्टर. स्वमग्न मुलांत फिट्सचं प्रमाणही इतरांपेक्षा जास्त असतं, त्यामुळे मध्येच नजर हरवून थांबतो का, हे आईला विचारा.

दुसरी गोष्ट, एक वही करा. तीन रकाने पाडा : आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. आणि वेळ. एकच वर्तन धरा, मनगट चावणं. दोन आठवडे फक्त लिहा, उपाय नको. "चिडला", "हट्ट केला" असं लिहू नका, तो आपला निष्कर्ष झाला. "घंटा झाली, मुलं उठली, त्याने डावं मनगट तोंडात घातलं" असं लिहा, कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच. जे दिवस नीट गेले तेही लिहा. हे सगळे विसरतात, आणि उत्तर बऱ्याचदा तिथेच असतं.

मुलं असं का करतात याची कारणं ढोबळमानाने चार : काहीतरी हवं असतं, काहीतरी टाळायचं असतं, कुणाचं तरी लक्ष हवं असतं, किंवा शरीराला ती जाणीवच हवी किंवा नको असते. बाहेरून चारही सारखीच दिसतात. उपाय मात्र चार वेगळे. टाळायला चावणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढलं तर ती शिक्षा होत नाही, बक्षीस होतं. डबेवाली_आईंनी वर तेच लिहिलंय.

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली हे नीट दाखवलं. वर्तनामागचं कारण शोधा, आणि त्याच कारणासाठी मुलाला बोलायची सोपी रीत शिकवा. बाहेर जायचं असेल तर "बाहेर" लिहिलेलं कार्ड. ते दाखवलं की लगेच, न बोलता, दोन मिनिटं बाहेर. सुरुवातीला तो दिवसात वीस वेळा दाखवेल. दाखवू द्या. कार्डाने काम होतं अशी खात्री पटल्याशिवाय तो दात सोडणार नाही.

आणि ताई, त्या क्षणी समजावू नका. तो भरून आलेला असतो, तेव्हा शब्द आत जात नाहीत. आवाज खाली, वाक्य एकच, अंतर हातभर. दप्तर किंवा उशी मध्ये धरा, पण त्याला दाबून धरू नका. "माझ्याकडे बघ" म्हणू नका.

---

लालबागकर | ५ जुलै, रात्री ९:०५

मी पालक. माझ्या मुलीला तिच्या वर्गातल्या अशाच एका मुलाने दंडाला चावलं होतं. शाळेने आम्हाला सांगितलंच नाही, आंघोळ घालताना बायकोला दिसलं. त्या मुलाचा मला राग नाही. पण माझी मुलगी आठ दिवस शाळेत जायला रडत होती, तिच्याबद्दल कुणी धागा काढला नाही. एवढंच म्हणायचं होतं.

---

पाटीपेन्सिल | ५ जुलै, रात्री १०:३०

लालबागकर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या वर्गातल्या त्या मुलीच्या घरी मी पहिल्याच दिवशी स्वतः गेले होते. जखम साबण-पाण्याने धुतली, दुसऱ्यांदा कातडी फुटली होती म्हणून डॉक्टरांकडे पाठवलं. पण तिला मी पुन्हा त्याच्याच शेजारी बसवलं, कारण ती शांत आहे, सांभाळून घेते. आज तुमचं वाचल्यावर वाटलं, शांत आहे म्हणून तिने का सोसायचं? उद्या जागा बदलते. तो भिंतीकडेच्या बाकावर, शेजारी जागा मोकळी.

सायंतारा ताई, वही आजपासून सुरू करते. दुरेघी.

---

सनद | ६ जुलै, दुपारी १:१०

कायद्याचं थोडक्यात, कारण "झेपणार नाही" हा शब्द मुख्याध्यापिकांना इतक्या सहज वापरता येत नाही.

१९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आले, त्यात आहे. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. कलम १६ सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी संस्थेवर टाकतं. कलम ३१ प्रमाणे लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंती त्याची, शाळेची नव्हे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६ : आठवी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ : मारहाण आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी.

मास्तरांसाठीही सांगतो. शिक्षण हक्क कायद्यातच पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिकला विशेष गरजांच्या १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांना १५ मुलांमागे एक, असं प्रमाण ठरवून दिलं. तुम्ही मदतीचा माणूस मागता ती मेहेरबानी नाही. मागणी लेखी द्या, आवक क्रमांक घ्या.

---

सायंतारा | ६ जुलै, सायंकाळी ७:४५

मास्तरसर, ६१ मुलांत एकट्याने हे पेलायचं म्हणजे काय, ते मी वर्गात उभं राहून पाहिलंय. म्हणून तुम्हाला "प्रेमाने घ्या" वगैरे सांगणार नाही. पण एक बघा. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचे तास क्रमाने लिहिणं, झालेला तास पुसणं, बदल असेल तर सकाळीच सांगणं, याला माणूस लागत नाही, खडू लागतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी १९७२ मध्ये टीच नावाचा कार्यक्रम उभा केला, त्याचा गाभा एवढाच : मुलाला पुढे काय आहे ते डोळ्यांनी दिसू दे. आणि फळ्यावरचं वेळापत्रक उरलेल्या साठांनाही उपयोगी पडतं.

विशेष शाळेची गरज काही मुलांना असते, मी नाकारत नाही. पण पाढे आणि वाचन येणारं मूल केवळ चावतं म्हणून पाठवायचं, तर उद्या तिथेही चावेल. कारण शोधलेलंच नसतं.

---

निळी_छत्री | ८ जुलै, रात्री १:३०

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. वय ३१, निदान २६ व्या वर्षी झालं. दादरला मराठी शाळेत शिकलो. इथे फक्त वाचतो, आज लिहितोय.

आमच्या वर्गात बाकाचा एक लोखंडी पाय फरशीवर घासायचा. कुणी हललं की तो आवाज माझ्या दाढेत जायचा. वर्गात ४० मुलं म्हणजे दिवसभर दाढेत. मी कान झाकले की बाई म्हणायच्या, हात खाली. मी डोळ्यांत बघावं म्हणून हनुवटी वर करायच्या. डोळ्यांत बघितलं की मला ऐकू येणं बंद व्हायचं. तेव्हा मला वाटायचं, सगळ्यांनाच असं होतं आणि सगळे सहन करतात, मीच रडका आहे. २०१३ पासून निदानाच्या निकषांत आवाज, स्पर्श, उजेड यांचा कमी-जास्त त्रास धरला जातो. माझ्या शाळेच्या वेळी ते कुणी विचारात घेत नव्हतं.

मनगट चावल्यावर मला काय मिळायचं ते सांगतो. बाहेर दहा गोष्टी एकदम चालू असतात, त्यात ती एक गोष्ट माझी असायची. कधी सुरू होणार आणि कधी थांबणार ते मला माहीत असायचं.

बाई, तुम्ही लिहिलंय तो मुलांना नंबरने हाक मारतो आणि त्रास बहुतेक सकाळी होतो. तुम्ही हजेरी कशी घेता?

---

पाटीपेन्सिल | ८ जुलै, सकाळी ६:१५

नंबर पुकारते. मुलं "हजर बाई" म्हणतात. गैरहजर असेल तर खूण करून पुढचा नंबर घेते. का विचारलंत?

शाळेत निघाले आहे, रात्री वही बघते.

---

डबेवाली_आई | ८ जुलै, सकाळी ९:४०

निळी_छत्री, दादा, तुम्ही लिहिलेलं मुलाच्या बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. नंतर उठून जेवणाच्या टेबलाच्या चारही पायांना रबरी बूट लावले.

---

पाटीपेन्सिल | १९ जुलै, रात्री ११:५०

उशीर झाला, पण दोन आठवडे पूर्ण होऊ दिले.

शाळा ११ दिवस भरली. मनगट चावण्याचे प्रसंग ९. त्यातले ७ सकाळी प्रार्थना आणि परिपाठानंतरच्या पहिल्या वीस मिनिटांत. "आधी काय घडलं" या रकान्यात मी रोज तेच लिहिलंय : हजेरी चालू होती. माझ्याच हाताने सात वेळा लिहूनही मला दिसलं नव्हतं. मी आवाज, पाऊस, भूक असलंच काहीतरी शोधत होते.

मग हजेरीपट आणि वही शेजारी ठेवली. ज्या दिवशी एक-दोनच मुलं गैरहजर, त्या दिवशी सोन्या ठीक. सगळ्यात वाईट दिवस ९ जुलै. रात्रभर पाऊस, हिंदमाताला पाणी भरलेलं, वर्गात १९ मुलं नाहीत. १९ वेळा मी नंबर पुकारला आणि उत्तर आलं नाही. त्याच्यासाठी १९ प्रश्न हवेत लटकत राहिले. आणि मी पुढे जात राहिले.

पत्र्याचा आवाज नव्हताच. पाऊस पडला की मुलं येत नाहीत, एवढाच पावसाचा संबंध.

एक नीट गेलेला दिवसही वहीत आहे. त्या दिवशी सहा मुलं नव्हती, तरी तो शांत होता. आठवून पाहिलं, तर त्या दिवशी पुढच्या बाकावरच्या दोघी प्रत्येक वेळी "आला नाही बाई" ओरडत होत्या आणि मी त्यांना गप्प बसा म्हणाले होते.

१६ तारखेपासून असं करते. नंबर पुकारला आणि उत्तर नसेल तर सगळा वर्ग मिळून म्हणतो, "गैरहजर". सोन्याला ४२ आकड्यांचा एक कागद दिलाय, तो प्रत्येक आकड्यापुढे बरोबर किंवा फुली करतो. पहिल्या दिवशी पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला. पण शेवटपर्यंत बसला. बेचाळिसाव्या खुणेनंतर पेन्सिल खाली ठेवली, बोटं सरळ केली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "झालं."

तीन दिवस हजेरीत चावा नाही.

निळी_छत्री, तुम्ही विचारलं नसतं तर मी अजून पत्र्याकडे बघत बसले असते.

---

निळी_छत्री | २० जुलै, रात्री २:०५

मला उत्तर माहीत नव्हतं. फक्त मी असतो तर मला काय झालं असतं, एवढाच विचार केला.

त्याचा कागद रोज नवा द्या. कालच्या फुल्या दिसल्या तर गोंधळ होईल.

---

गणिताचा_मास्तर | २० जुलै, सकाळी ७:००

बाई, ९ तारखेचं वाचून मी थांबलो. आमच्याकडेही त्या दिवशी निम्मा वर्ग नव्हता, आणि माझ्या वर्गातल्या एका मुलाने, ज्याला आम्ही सगळे "व्रात्य" म्हणतो, दप्तर खिडकीतून बाहेर फेकलं होतं. त्याच्याकडे कसलंही प्रमाणपत्र नाही. मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. आता वही घालतो. पाच दिवस तरी.

सनद, अर्ज दिला. आवक क्रमांक घेतला.

---

सायंतारा | २० जुलै, दुपारी २:३०

ताई, शाब्बास. दोन सावधगिरीच्या गोष्टी.

हजेरीचा प्रश्न सुटला, पण "चावलं की घरी" हा धडा तो अजून विसरलेला नाही. फोन करणं थांबवाल तेव्हा काही दिवस वर्तन आधीपेक्षा वाढेल. जुनी किल्ली लागेना की माणूस ती जास्त जोरात फिरवतो, तसं. नेमक्या त्याच दिवसांत शाळा घाबरते आणि फोन करते, आणि मग मूल शिकतं की जास्त जोरात चावायचं. म्हणून मुख्याध्यापिका, आई, ऑफिस, मावशी, सगळ्यांशी आधी ठरवा. कार्ड हाताशी असल्याशिवाय फोन थांबवू नका, नाहीतर त्याच्याकडचा एकमेव दरवाजा बंद होईल. आणि जखम खोल होत असेल तर वाट न बघता विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

दुसरं, वर्गातल्या मुलांना काय सांगायचं ते आईला विचारून ठरवा. निदान तिचं आणि त्याचं आहे. "सोन्याला आवाजाचा त्रास होतो, कार्ड दाखवलं की वाट द्या" एवढंही पुरतं.

---

पाटीपेन्सिल | २२ ऑगस्ट, रात्री ९:२०

धागा वर काढते.

ताईंनी सांगितलं तसंच झालं. २५ जुलैपासून फोन बंद केला, आणि पुढचे सहा दिवस फार कठीण गेले. चौथ्या दिवशी मुख्याध्यापिका स्वतः वर्गात आल्या, मला वाटलं आता संपलं. त्या जमिनीवर बसल्या, काही न बोलता, त्याच्यापासून हातभर अंतरावर, अकरा मिनिटं. मी वहीत वेळ लिहिली आहे. उठताना मला म्हणाल्या, "फोन नको करू."

कार्ड निळं आहे, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचं, गळ्यात नाडीने बांधलेलं. पहिल्या दिवशी त्याने १४ वेळा दाखवलं. बाहेर म्हणजे जिन्याजवळचा कोपरा, तिथे मावशींचं स्टूल आहे. मावशी त्याच्याशी बोलत नाहीत, सुपारी कातरत बसतात. तो अडकित्त्याकडे बघतो आणि परत येतो. आता दिवसाला तीन-चार वेळा.

सगळं जमलंय असं नाही. खेळाचा तास अजून जमत नाही. शिट्टी वाजली की तो गेलाच. आणि इथे ढोल-ताशांचा सराव सुरू झालाय, दुपारी चारनंतर खिडक्या बंद करूनही भिंत हलते. कान झाकणारे हेडफोन आईने आणलेत, पण घामाने पाच मिनिटांत काढतो. या महिन्यात मनगटाचे प्रसंग ५, जुलैत १३ होते. शेजाऱ्याला एकदाही नाही. ती मुलगी परवा आपणहून त्याच्या बाकावर जाऊन बसली. मी तिला दोनदा विचारलं. "मला चालेल बाई" म्हणाली.

आज दुपारी त्याची पाण्याची बाटली फुटली म्हणून आईला फोन केला. मागे गोंगाट होता. त्या दादरला भाजी घेत होत्या. जिन्यात नव्हत्या. फोन बघून घाबरल्या, "चावला का?" म्हणाल्या. म्हटलं नाही हो, बाटली फुटली. पलीकडे बराच वेळ फक्त बाजाराचा आवाज येत राहिला. मग म्हणाल्या, "मग मी मेथी घेऊनच येते."

एक प्रश्न आहे. गणपतीच्या सुट्टीनंतर घडी मोडेल अशी भीती वाटते. काय तयारी करू?

---

सायंतारा | २२ ऑगस्ट, रात्री १०:०५

सुट्टी लागायच्या आधी फळा, त्याचा बाक, मावशींचं स्टूल आणि हजेरीचा कागद, यांचे चार फोटो काढून आईकडे द्या. सुट्टीतले दिवस कॅलेंडरवर तो रोज एक एक खोडेल, शेवटच्या चौकोनात "शाळा" लिहा. पहिल्या दिवशी मुलं कमी असतील. हजेरीआधी त्याला सांगून ठेवा, आज फुल्या जास्त असतील.

---

पाटीपेन्सिल | २२ ऑगस्ट, रात्री १०:२०

हो, फुल्यांचं माझ्या लक्षात आलं नसतं. उद्या सकाळी मुलं यायच्या आत फोटो काढते.